शांततेचे ६८,००० रुपये

घरभेटीचे १,५०० रुपये, एकवीस दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाचे ४८,०००, ‘खास पट्ट्या’चे ६,५०० आणि मुदतवाढीचे १२,०००. भित्र्या कुत्र्याला ‘दुरुस्त’ करून घेण्यासाठी मी एकूण ६८,००० रुपये मोजले, आणि त्यातला एकही रुपया कोणी माझ्याकडून हिसकावून घेतलेला नाही. प्रत्येक वेळी मोबाइल माझ्याच हातात होता.

शेरू आमच्या इमारतीच्या पार्किंगमधल्या पिल्लांपैकी एक. पिल्लाला माणसांची आणि आवाजांची सवय लागते ती साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात, आणि तो सगळा काळ त्याने गाड्यांखाली लपून काढलेला होता. नाव शेरू असले तरी कुकरच्या शिट्टीला तो पलंगाखाली जायचा, आणि जिन्यात दुसरा कुत्रा किंवा हेल्मेट घातलेला माणूस दिसला की जिवाच्या आकांताने भुंकत अंगावर जायचा. (अंगावर जाणारा कुत्रा मुळात घाबरलेला असतो, हे मलाही तेव्हा कळत नव्हते.) जानेवारीत त्याने सामान पोचवायला आलेल्या मुलाची पँट फाडली. सोसायटीने लेखी पत्र दिले आणि सर्वसाधारण सभेत विषय घेणार असल्याचे कळवले. सभेला सतरा दिवस उरले होते. हे मी सबब म्हणून सांगत नाही, परंतु वेळेच्या कात्रीत सापडलेल्या माणसाला कसे हेरले जाते, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

मी बोलावलेले श्वानप्रशिक्षक गृहस्थ वेळेवर आले. बोलणे मृदू, कार्डावर ‘शासनमान्य श्वानवर्तनतज्ज्ञ’. आपल्याकडे कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांसाठी २०१७ चे नियम आहेत, पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे आहेत. प्रशिक्षकाला मात्र कोणताही सरकारी परवाना लागत नाही, म्हणजे तो देणारे शासनही नाही. कार्डावरचा पहिलाच शब्द खोटा होता आणि मी त्याच शब्दावर भाळले. सोबत लॅमिनेट केलेले ‘सीपीडीटी’चे, म्हणजे व्यावसायिक श्वानप्रशिक्षकाचे, प्रमाणपत्र होते, खाली ‘आजीवन वैध’ असे छापलेले. ते प्रमाणपत्र देणारी अमेरिकी संस्था २००१ पासून काम करते, दर तीन वर्षांनी नूतनीकरण करायला लावते, आणि प्रमाणित प्रशिक्षकांची यादी तिच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. मी ती यादी पाहिली, पण पैसे जाऊन दोन महिने झाल्यावर. पाहायला चार मिनिटे लागली.

पलंगाखालच्या शेरूकडे सात मिनिटे पाहून त्यांनी निदान केले: “मॅडम, हा घाबरत नाहीये, हा तुमच्या डोक्यावर बसलाय. घरात अल्फा कोण, ते त्याला दाखवावं लागेल.” हा ‘अल्फा’, म्हणजे कळपाचा म्होरक्या, बंदिवासात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून आलेला आहे, आणि ज्या लांडग्यांच्या अभ्यासकाच्या, डेव्हिड मीच यांच्या, लिखाणामुळे तो लोकांच्या तोंडी बसला, त्यांनीच १९९९ साली स्पष्ट केले की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले. मला हे ठाऊक नव्हते. परंतु पलंगाखाली थरथरणारा कुत्रा माझ्या डोक्यावर कसा बसला असेल, एवढे विचारायला लांडग्यांचा अभ्यास लागत नव्हता. त्याचे कान दुखतात का, सांधे दुखतात का, पशुवैद्याने शेवटचे कधी तपासले, यातले काहीही त्यांनी विचारले नाही. जो माणूस आधी पशुवैद्याकडची तपासणी मागत नाही, त्याला दारातूनच परत पाठवा, कारण दुखण्यामुळे भुंकणारा आणि चावणारा कुत्रा कोणत्याही प्रशिक्षणाने बरा होत नाही.

अट एकच होती: पहिले पंधरा दिवस भेटायचे नाही, कारण ‘मालक दिसला की कुत्रा पुन्हा बिघडतो’. पैसे तीन वेगवेगळ्या नावांच्या खात्यांवर मागितले, पावती ‘शेवटी एकत्र’ देणार होते. ती आजतागायत मिळालेली नाही.

आता तो व्हिडिओ. नवव्या दिवशी संध्याकाळी आला, ४२ सेकंदांचा. मोकळ्या जागेत शेरू बसलेला आहे, समोरून एक मोठा काळा कुत्रा जातो, आणि शेरू भुंकत नाही. मी रडले. अकरा जणांना तो व्हिडिओ पाठवला, त्यात सोसायटीचे सचिव पहिले. दहा जणांनी अभिनंदन केले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तेवढे विचारले, “अगं, याची शेपूट कुठंय?” मला त्यांचा इतका राग आला की मी उत्तरसुद्धा दिले नाही.

शेपूट पोटाखाली होती. कान मागे चिकटलेले होते, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता, आणि ४२ सेकंदांत तो सहा वेळा ओठ चाटत होता, ही सगळी भीतीची लक्षणे. त्या काळ्या कुत्र्याकडे तो पाहतच नव्हता. त्याची नजर चित्रीकरण करणाऱ्या माणसाच्या हातावर खिळलेली होती. गळ्यात मी ६,५०० रुपये दिलेला पट्टा होता आणि त्यावर काळी डबी होती, जी मला ‘ट्रॅकर’ म्हणून सांगितली गेली होती, पण होती विजेचे झटके देणारी. हे सगळे त्याच संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोर होते. मला भुंकणे थांबायला हवे होते, ते थांबले होते, म्हणून बाकी काही दिसले नाही. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगात दाखवले होते की सुटकेचा मार्गच नसलेले विजेचे झटके बसत राहिले, तर बरेच कुत्रे पुढे सुटका शक्य असतानाही प्रयत्न सोडून पडून राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांच्यात आणि शांत कुत्र्यात फरक दिसत नाही. मी तर त्यानंतर ‘सुधारणा पक्की करण्यासाठी’ आणखी दहा दिवसांचे १२,००० रुपये दिले, आणि दिले तेही खुशीने.

एकतिसाव्या दिवशी शेरू घरी आला. अठरा किलोंचा होता, साडेपंधरा भरला. मानेखाली जोडीने दोन जखमा होत्या. पट्ट्याची धातूची टोके तासन्‌तास रुतून राहिल्यामुळे त्या झाल्याचे पशुवैद्यांनी सांगितले. वेल्समध्ये अशा पट्ट्याच्या वापरावर २०१० पासून बंदी आहे. आपल्याकडे तो माझ्याच पैशाने आणला गेला. कोणी मोबाइल हातात घेतला की शेरू जागीच लघवी करत असे.

यानंतरची हकिकत सरकारी दारांची आहे. चौकीत आधी “कुत्र्याने तक्रार दिलीय का?” असा विनोद झाला आणि मग व्यवहार दिवाणी स्वरूपाचा असल्याचे सांगण्यात आले. जखमांची छायाचित्रे दाखवल्यावर तिथल्या हवालदारांनी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम ११ मला वाचून दाखवले: पहिल्या गुन्ह्याला दंड किमान १० रुपये, कमाल ५० रुपये. “यासाठी किती खेपा घालणार तुम्ही?” असे त्यांनी विचारले, आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी मला दिसलेला तो एकमेव प्रामाणिक माणूस होता. पशुवैद्यकांची नोंदणी पाहणाऱ्या कार्यालयाने कळवले की संबंधित व्यक्ती पशुवैद्य नसल्यामुळे कारवाई करता येत नाही. म्हणजे तो थोडासा शिकलेला असता तर शिक्षेस पात्र ठरला असता. स्थानिक कार्यालयातल्या प्राणीविभागाने माझ्याकडेच शेरूचा परवाना मागितला. ग्राहकांच्या तक्रारींसाठी असलेल्या दूरध्वनीवर मला क्रमांक मिळाला, नंतर दुसरा क्रमांक मिळाला, आणि अखेर तक्रार ‘निकाली’ काढल्याचा संदेश आला. काय निकाल लागला, ते मला अद्याप समजलेले नाही.

शेवटी मी ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, हे मला एकाही कार्यालयाने सांगितले नाही. पावती नसली तरी यूपीआयच्या नोंदी आणि संभाषण जपून ठेवा. माझ्याकडे तेवढेच आहे. तारीख दोनदा पुढे गेली आहे.

प्रशिक्षण आपल्यासमोर होत नसेल तर कुत्रा देऊ नका. ‘चुकला तर नेमके काय करता?’ असे विचारा, आणि उत्तर गोलमोल आले तर उठा. खात्री देणारा माणूस खोटे बोलत असतो, कारण भीती किती दिवसांत जाईल हे कोणीच सांगू शकत नाही. आता येणाऱ्या प्रशिक्षक बाईंनी पहिल्या दिवशी शेरूला हातही लावला नाही. दुसरा कुत्रा किती अंतरावर असताना तो खाऊ घेतो, तेवढेच मोजले. सत्तर फूट. तीन महिन्यांत आम्ही पंचावन्न फुटांवर आलो आहोत आणि सोसायटीचे पत्र अजून कपाटात आहे.

त्या गृहस्थांची जाहिरात चालू आहे. त्यात शेरूचा तोच ४२ सेकंदांचा व्हिडिओ आहे आणि काढून टाकण्याची माझी तीन पत्रे अनुत्तरित आहेत. एकवीस दिवसांचा दर आता ५४,००० रुपये झाला आहे.