हॉल सेन्सरची गिंबल: रेडिओ वाचला, वायरींनी मात्र घाम काढला

रेडिओवर उडणारं माझं मॉडेल विमान जमिनीवर उभं, रेडिओच्या स्टिकला हात नाही आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी) थंडी भरल्यासारखा थरथरतोय. पहिला संशय अर्थातच सर्व्होवर, म्हणजे ती फळी हलवणाऱ्या छोट्या मोटरवर. तो काढून एलेरॉनच्या (पंखावरच्या फळीच्या) चॅनलला लावला तर शहाण्यासारखा गप्प, आणि एलेरॉनचा सर्व्हो एलिव्हेटरवर आणला तर त्यालाही हुडहुडी. मग ट्रान्समीटरच्या, म्हणजे हातातल्या रेडिओच्या, मॉनिटर स्क्रीनवर पाहिलं. एलिव्हेटरची पट्टी आपली आपणच नाचत होती. विमानातला रिसीव्हर बिचारा विनाकारण बदलला असता.

मागचं झाकण उघडलं. जुन्या गिंबलमध्ये, म्हणजे स्टिक ज्यात फिरते त्या यंत्रणेत, ५ किलोओहमचा पॉट (स्टिकबरोबर बदलणारा रेझिस्टर) होता. स्टिक बहुतेक वेळ मधोमधच असते, त्यामुळे आतला कार्बनचा पट्टा नेमका तिथेच झिजतो. मल्टिमीटर लावून स्टिक हळूहळू हलवली, तर आकडा मधल्या जागी उडी मारायचा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला. तीन उड्डाणं नीट झाली, चौथ्याला पुन्हा तेच.

म्हणून ही हॉल सेन्सरची गिंबल मागवली. हिच्या सेन्सरमध्ये घासणारं काहीच नाही. स्टिकबरोबर चुंबक फिरतं आणि समोरचा हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकाचं क्षेत्र ओळखणारा सेन्सर, कोनाप्रमाणे व्होल्टेज देतो. बेअरिंगमुळे स्टिक लोण्यासारखी फिरते. स्प्रिंगचा ताण स्क्रूने कमीजास्त करता येतो. मी जरा कडकच ठेवला, माझा अंगठा जड आहे.

तक्रार वायरिंगची. सोबत आकृती नाही, वायरींचे रंग जुन्यांशी जुळत नाहीत, आणि लांबी अशी की झाकण मिटताना जीव वरखाली. पॉटच्या टोकांच्या दोन वायरी उलटसुलट लागल्या तर फार तर दिशा उलटते. इथे प्लस-मायनस उलटलं की सेन्सर जळू शकतो. मी आधी जुन्या पॉटच्या टोकांवर व्होल्टेज मोजलं, ३.३ आलं, गिंबल त्यावर चालते याची खात्री केली आणि मगच सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं. मागवण्याआधी स्क्रूच्या भोकांमधलं अंतरही मोजा. सगळ्या रेडिओंचं ते सारखं नसतं.

बसवल्यावर कॅलिब्रेशन (स्टिकचा मध्य आणि टोकं रेडिओला शिकवणं) केल्याशिवाय मधला बिंदू जागेवर येत नाही. माझा तर केल्यावरही सरकलेलाच दिसला आणि अर्धा तास मी सोल्डरिंगला शिव्या दिल्या. शेवटी लक्षात आलं, स्क्रू ठेवायची चुंबकी वाटी रेडिओला खेटून होती. ती बाजूला केली, पट्टी मधोमध!

प्रॉपेलर काढून सगळे कंट्रोल तपासले. मग कमी पॉवरवर रेंज चेक, ३० पावलांवरूनही एलिव्हेटर ठाम. दोन महिने झाले, पट्टी हललेली नाही. गिंबलला पाचपैकी चार तारे. एक तारा त्या न दिलेल्या आकृतीचा कापला. थ्रॉटलची जुनी गिंबल अजून धड आहे, तिला सध्या हात लावत नाही.