कुद्रेमुख शिखराचा ट्रेक: नियमांनी राखलेली वाट

कर्नाटकातील कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यानात, सुमारे १,८९० मीटर उंचीच्या कुद्रेमुख शिखरावर जाण्यासाठी वनविभागाचा परवाना आधी ऑनलाइन काढावा लागतो, दिवसाला ठरावीक संख्येहून अधिक माणसे सोडली जात नाहीत, आणि सोबत स्थानिक वाटाड्या घ्यावाच लागतो. सुट्टीच्या दिवशी कळसूबाईच्या शिड्यांपाशी लागणारी रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या बंधनांचे मोल वेगळे सांगायला नको. जंगलात मुक्कामाला परवानगी नसल्याने जाऊन-येऊन जवळपास २० किलोमीटरची चाल दिवसाउजेडी संपवावी लागते. म्हणून आदल्या रात्री पायथ्याच्या एखाद्या होमस्टेमध्ये उतरून पहाटेच जीप धरणे उत्तम.

शिखरापेक्षा वाट अधिक मोलाची आहे, असे माझे ठाम मत आहे. डोंगराच्या उघड्या सोंडांवर गवत आणि मधल्या घळींत बुटक्या, दाट झाडांची शोला राने, अशी ही रचना चढाई संपेपर्यंत सोबत करते. वाऱ्याला तोंड देणाऱ्या माथ्यांवर गवत टिकते आणि ओल धरणाऱ्या घळींत झाडे वाढतात. पावसाळ्यात मुरलेले पाणी पुढे कित्येक महिने ओढ्यांतून झिरपत राहते. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तिन्ही नद्यांचा उगम याच उद्यानातील गंगामूळ परिसरात आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर येथील लोहखनिजाची खाण २००५ अखेर बंद झाली, ही केवढी मोठी गोष्ट होती ते कळते.

आमचा वाटाड्या वाट दाखवण्यात चोख आणि थकलेल्यांशी अतिशय सौम्यपणे वागणारा होता, परंतु यातले काहीही त्याने सांगितले नाही. इतक्या समृद्ध रानातून लोक केवळ माथा गाठून परततात, याची मला मनापासून खंत वाटते. वाटाड्यांना शोला, गवताळ माळ आणि सिंहपुच्छ वानर यांविषयी बोलण्याचे प्रशिक्षण मिळायला हवे, मग त्यासाठी शुल्क थोडे वाढले तरी चालेल.

पावसाळ्यात जळवा फार असतात आणि माथा बहुधा धुक्यातच असतो, तर उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने वाट अनेकदा बंद ठेवतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ निवडावा, आणि परवाना हाती पडल्याशिवाय मुंबई-पुण्याहून गाडीचे आरक्षण करू नये.