फ्रिजवरचं अ‍ॅम्स्लर कार्ड : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

आयुष्यभर ड्राफ्ट्समनचं काम केलं, त्यामुळे रेषा सरळ आहे की नाही हे मला कुणी सांगावं लागत नाही. दोन्ही डोळ्यांत मॅक्युलाची, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधल्या भागाची, झीज सुरू झाली आहे, सध्या ड्राय, म्हणजे रक्तवाहिन्या न झिरपणारा प्रकार आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि रेषा वाकड्या दिसतात का हे रोज बघायला चौकटींचा एक कागद दिला. तो आठवड्याभरात चुरगळला, म्हणून मागे चुंबक असलेलं हे जाड कार्ड विकत घेतलं.

कार्ड हातात आल्यावर आधी पट्टी लावली. ५ मिलिमीटरची एक चौकट, आडव्या २०, उभ्या २०, म्हणजे बरोबर १० सेंटिमीटरची जाळी आणि मधोमध ठिपका. मार्क अ‍ॅम्स्लर या स्विस नेत्रतज्ज्ञाने नेमून दिलेलं माप हेच. ३० सेंटिमीटरवर धरलं की एक चौकट साधारण एक अंश व्यापते. माप चुकलं तर तपासणीच बदलते. मुलाने आधी घरी एक प्रिंट काढून दिली होती. प्रिंटरने कागदात बसवण्यासाठी ती आपोआप लहान केली आणि चौकट साडेचार मिलिमीटरची झाली. मोबाईलवरचं एक अ‍ॅपही वापरून पाहिलं. आठवण करून देतं ही सोय चांगली, पण स्क्रीनची रुंदीच १० सेंटिमीटर नाही, मग जाळी पुरी येणार कुठून? कार्डच बरं.

सकाळी चहाआधी, खिडकीकडे पाठ करून, वाचायचा चष्मा लावून बघतो. एक डोळा तळहाताने झाकायचा, पण दाबायचा नाही, कारण दाबला तर उघडल्यावर थोडा वेळ अंधुक दिसतं. नजर ठिपक्यावर ठेवायची आणि चारही कोपरे दिसतात का, कुठली रेषा वाकडी, तुटक किंवा पुसट आहे का, हे नजर न हलवता टिपायचं. मग दुसरा डोळा.

एकतिसाव्या आठवड्यात एका सकाळी डाव्या डोळ्याला ठिपक्याच्या खाली उजवीकडच्या तीन रेषा आत ओढल्यासारख्या दिसल्या, जणू कापडाचा एक धागा खेचला गेला असावा. हात काढून दोन्ही डोळ्यांनी पाहिलं तर सगळ्या रेषा सरळ! उजवा डोळा डाव्याची उणीव भरून काढत होता. रोज दोन्ही डोळ्यांनी पेपर वाचत बसलो असतो तर मला काहीच कळलं नसतं. ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगतो.

दवाखान्यात फोन केला तेव्हा तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. पत्नी शेजारीच होती. ती म्हणाली, "अहो, नुसतं 'डोळे दाखवायचेत' म्हणून कसं चालेल? काय झालंय ते सांगा ना." मी पुन्हा फोन करून सांगितलं, "मॅक्युलाची झीज आहे, आणि आजपासून सरळ रेषा वाकड्या दिसायला लागल्यात." दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं. ओसीटीत, म्हणजे पडद्याच्या थरांचं चित्र काढणाऱ्या तपासणीत, पडद्याखाली पाणी दिसलं. तिथे नव्या, कमकुवत रक्तवाहिन्या वाढून झिरपत होत्या. ड्रायचं वेट झालं होतं. त्याच आठवड्यात डोळ्यात पहिलं इंजेक्शन झालं. दुसऱ्यानंतर दोन रेषा सरळ झाल्या, तिसरी अजून किंचित झुकलेली आहे. ती मी पेन्सिलीने वहीत काढून ठेवली आहे, म्हणजे नवा वाक आला तर जुन्याशी गल्लत होणार नाही.

पण कार्डावर पूर्ण भरवसा टाकू नका. मेंदू लहानसहान खोट स्वतःच भरून काढतो, त्यामुळे बदल झालेला असूनही जाळी अगदी नीट दिसू शकते. डॉक्टरांच्या ठरलेल्या तपासण्या मी एकदाही चुकवल्या नाहीत आणि कार्डाच्या जोरावर कुणीही चुकवू नयेत. अमेरिकेत घरी ठेवायची यंत्रंही मिळतात. फोरसीहोम नावाच्या यंत्रात ठिपक्यांच्या ओळीत कुठे उंचवटा दिसला ते रुग्ण दाखवतो आणि नोंदी तपासणी केंद्राकडे जातात. मी ते वापरलेलं नाही, म्हणून त्याबद्दल मत देत नाही.

कार्डाची छपाई स्वच्छ आहे, काळ्या रेषा अजून फिकट झालेल्या नाहीत, आणि चुंबकही पक्कं आहे. मात्र जाळीची चकाकती बाजू दिव्याखाली चमकते आणि त्या चमकेत रेषा तुटक दिसतात. मी दोनदा विनाकारण घाबरलो, म्हणून खिडकीकडे पाठ करायला लागलो. बनवणाऱ्याने मॅट कागद घ्यावा.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो मागच्या सूचनांसाठी. ज्यांची मधली नजर जाते आहे त्यांच्यासाठीच्या वस्तूवर इतकी बारीक अक्षरं! मला त्या भिंगाशिवाय वाचता आल्या नाहीत. 'एका वेळी एकच डोळा' ही सर्वांत महत्त्वाची सूचना तर चौथ्या ओळीत आहे. पत्नीने ती जाड मार्करने पट्टीवर लिहून कार्डाच्या वर चिकटवली आहे.