सड्यावरच्या नोंदी आणि झोटेरो

राजापूर तालुक्यात राहून स्थानिक इतिहासाचं काही जमवत असाल, तर झोटेरो आजच उतरवून घ्या. संदर्भ, कागदपत्रं आणि टिपणं एका ठिकाणी लावून ठेवणारं हे मोफत सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासवाल्यांनी ते 2006 साली आणलं, आणि वापरताना ते कळतं. कागद कुठला, कुणाचा, कधीचा, हे ते आधी विचारतं.

आमचा गट लहान आहे. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, एक आंबा बागायतदार, बँकेत असलेले एक भाऊ आणि माझा कॉलेजात जाणारा भाचा. सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या सपाट उघड्या पठारावरच्या, कातळशिल्पांबद्दल (कातळात कोरलेल्या जुन्या चित्रांबद्दल) जे मिळेल ते आम्ही गोळा करतो. 2022 च्या मार्चमध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. उक्षी, जांभरुण, काशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसमाळ. त्यानंतर लेख, कात्रणं, फोटो यांचा पूर आला. सगळं व्हॉट्सॲपवर यायचं आणि तिथेच गडप व्हायचं. एखाद्या चित्राचं माप कुणी घेतलं असं विचारलं, की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायचा.

झोटेरोत प्रत्येक कात्रणाची, पुस्तकाची, मुलाखतीची स्वतंत्र नोंद होते आणि तिच्यावरचं टिपण तिच्याच पोटात ठेवता येतं. म्हणजे विधान आणि त्याचा उगम यांची ताटातूट होत नाही. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. एक नोंद हवी तितक्या संग्रहांत ठेवता येते, प्रत निघत नाही. बारसूवरचा लेख ‘बारसू’मध्येही दिसतो, ‘प्राणी’मध्येही दिसतो, आणि एकीकडे दुरुस्त केला की दोन्हीकडे दुरुस्त होतो. शाळेच्या ग्रंथालयाचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. एक पुस्तक दोन विषयांत बसत असलं, तरी कपाटात त्याला एकाच फळीवर ठेवावं लागे.

आमची एक नोंद उघडून दाखवते. प्रकार ‘मुलाखत’. सांगणाऱ्या आजी, वाडी, महिना, कुणी ऐकलं, सगळं भरलेलं. टिपणात आजींचे शब्द जसेच्या तसे: “पांडवांनी एका रात्रीत खोदलानी.” त्याखाली वेगळ्या परिच्छेदात आमचं निरीक्षण, की चित्रातल्या माशाच्या शेपटीकडची रेघ जांभा फुटल्यामुळे तुटली आहे. बाजूला तीन टॅग: ‘ऐकीव’, ‘मासा’, ‘पुन्हा पाहणे’. टॅगना रंग देता येतात, नऊपर्यंत, आणि आकड्याची कळ दाबली की टॅग लागतो. ‘ऐकीव’ला आम्ही पिवळा दिला, ‘मोजलेलं’ला हिरवा. यादी नुसती नजरेखालून घातली तरी कशावर किती भरवसा ठेवायचा ते समजतं. आजींचं म्हणणं पुरातत्त्वाच्या दृष्टीने पुरावा नसेल, पण त्या दगडाकडे गाव कसं बघतं त्याचा तो पुरावा आहेच, आणि तो मोजमापाइतकाच नीट ठेवला पाहिजे.

पीडीएफ आतच उघडतं. रेघ मारलेली वाक्यं पान क्रमांकासकट टिपणात उतरतात. 1880 च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटिअरचा दहावा खंड असाच वाचला.

आता उणिवा. मराठीच्या बाबतीत हाताने काम फार पडतं. इंग्रजी शोधनिबंध ओढून टाकला की शीर्षक, लेखक, वर्ष बहुधा आपोआप भरतं. मराठी पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक, टाकला तर बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉण्टमधल्या पीडीएफमधून मजकूर उचलला तर अगम्य अक्षरं येतात आणि त्यात शोधही लागत नाही. तो दोष झोटेरोचा नाही, पण ताप आपल्याला होतो. अशा फायलींना आम्ही दोन ओळींचा मराठी सारांश लिहून जोडतो, म्हणजे शोध निदान त्या सारांशात तरी लागतो.

जागेचंही बघा. झोटेरोच्या सर्व्हरवर फायली ठेवायला फुकटात 300 एमबी मिळते. मोबाइलचा एक फोटो चार-पाच एमबीचा, म्हणजे साठ-सत्तर फोटोंत खातं भरलं. दोन जीबीला वर्षाला 20 डॉलर पडतात. सामायिक संग्रहाला झोटेरोत ‘गट’ म्हणतात, आणि त्यातल्या फायली तो गट उघडणाऱ्याच्या जागेत मोजल्या जातात, म्हणून तो कुणी उघडायचा हे सुरुवातीलाच ठरवून घ्या. आम्ही फोटो बाहेरच्या डिस्कवर ठेवतो आणि नोंदीत फक्त फाइलचं नाव लिहितो. नुसत्या नोंदींना आणि टिपणांना ही मर्यादा नाही. गटात माणसं कितीही जोडा.

गट खाजगी ठेवता येतो, आणि आम्ही तो तसाच ठेवलाय. कारण स्पष्ट आहे. बरीच चित्रं खाजगी जमिनीत, उघड्या कातळावर आहेत. ठावठिकाणा सगळीकडे पसरला, की कुणी फोटोसाठी खडूने रेघा भरतं, कुणी चपलांनी वर चढतं. नेमकी जागा जमीनमालकाला विचारल्याशिवाय बाहेर द्यायची नाही, असं आमचं ठरलंय.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते, नेट जातं, कागदाला बुरशी धरते. झोटेरोचा सगळा साठा आपल्याच संगणकावर असतो, त्यामुळे बॅटरी असेतो काम थांबत नाही, नेट आलं की जुळणी होते. अँड्रॉइडवरही आता ॲप आहे. भाचा सड्यावर उभा राहून जुनी टिपणं उघडतो आणि ‘पुन्हा पाहणे’ टॅग असलेली चित्रं एकेक करून तपासतो.