बोटाला लावायचा ऑक्सिमीटर: चार वर्षं वापरल्यावर

एप्रिल २०२१ मध्ये गल्लीतल्या मेडिकलवाल्यानं काउंटरखालून काढून दिला. २२०० रुपये, पावती नाही, वर "ताई, शेवटचा पीस आहे, नशीब समजा." जुलैत सरकारनं ऑक्सिमीटरवरचा विक्रेत्यांचा नफा ७० टक्क्यांवर बांधून दिला. नंतर जाऊबाईंनी तसलाच ९०० ला आणला. ते दुखणं अजून गेलेलं नाही.

वस्तू तशी चिवट निघाली. चिमटा अजून घट्ट आहे, आतलं रबर मऊ आहे. तेव्हा पेन्सिल घातली तरी रक्तातला ऑक्सिजन ९८ टक्के दाखवणाऱ्या बनावट मालाची चर्चा होती, म्हणून मीही घालून पाहिली. नुसत्या रेघा आल्या, जीव भांड्यात पडला. मला कोविड झाला तेव्हा ९४ च्या खाली गेलं की दवाखाना, एवढंच डोक्यात होतं. ९५ च्या खाली कधी गेलं नाही. दिवाळीनंतर कपाटात टाकला, तोही सेल आत ठेवून. सहा महिन्यांनी उघडला तर स्प्रिंगवर पांढरी पूड. लिंबाच्या रसात भिजवलेल्या कापसानं साफ केली. चूक माझीच.

परत काढावा लागला तो शाळेच्या जिन्यामुळे. माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. मधल्या वळणावर धाप लागायची, मुलं बाजूनं पळत वर जायची आणि मी कठड्याला धरून उभी. बोट घातलं की ९८. एक्स-रे स्वच्छ, ईसीजी स्वच्छ. घरचे म्हणाले, मनाचे खेळ. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "ताई, रक्तात ऑक्सिजन भरपूर आहे. थकवा ह्या यंत्राला कळत नाही. तुम्ही नाडीचा आकडा बघा."

तो आकडा इतके दिवस मी बघतच नव्हते. बसल्या जागी ७८, दोन मजले चढले की १३२. डॉक्टरांनी मला ११० ची मर्यादा घालून दिली. त्याच्या वर गेलं की बसायचं, मग कुकरची शिट्टी होवो नाहीतर शाळेची घंटा. कपडे धुणं आणि वाळत घालणं एका दमात करत नाही आता. दोन वर्षांत १३२ चे ११५ झालेत. ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. टीव्हीवर ती बातमी लागली तेव्हा माझं बोट यंत्रातच होतं.

त्याच डिसेंबरात जेएन.१ ह्या कोविडच्या नव्या प्रकाराचं नाव ऐकून सासूबाईंनी चहाआधी यंत्र मागितलं. ८९! ह्यांनी गाडीची किल्लीच शोधायला घेतली. मग लक्षात आलं, त्या गार पाण्यात भांडी विसळून आल्या होत्या. हात चोळले, पाच मिनिटं थांबलो, ९७. नेलपॉलिश असली तरी असाच घोळ होतो. शिवाय सावळ्या कातडीवर आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवला जाऊ शकतो. म्हणजे आपल्याकडे ९५ आला तरी माणूस धापा टाकत असेल तर आकड्यावर विसंबू नका, दवाखाना गाठा. हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नाही, त्याचा एक तारा कापला. २२०० चा अर्धा.

पाचपैकी साडेतीन. घेणार असाल तर नाडीचा आकडा मोठा दिसणारा घ्या, माझ्यातला चष्म्याशिवाय दिसत नाही. सोबत आलेले सेल आठवड्यात संपले, तेव्हा चांगले वेगळे आणा आणि काम झालं की काढून ठेवा.