घरघंटीवर नऊ महिने : दळणाचे पैसे किती, भाजणीचे किती

यंत्र एक एचपीचं, सिंगल फेजवर चालणारं, कपाटासारखं दिसणारं. आत दगड नाही. स्टीलचा चेंबर, त्यात फिरणारे ब्लेड आणि भोवती बदलता येणारी जाळी. मे ते जानेवारी असं रोज चाललं आहे, घरचं धरून महिन्याला सुमारे तीनशे किलो दळण. लहान मुलांमुळे घर सोडता येत नाही अशा आईने किंवा बाबांनी चार पैसे मिळवण्यासाठी हे घ्यावं का, एवढाच प्रश्न धरून लिहिते आहे. शेजारपाजारचं दळण दळून देण्याच्या हिशेबाने घेत असाल तर थांबा. स्वतःचं पीठ आणि भाजणी विकायची तयारी असेल तर जरूर घ्या.

आधी दळणाचा हिशेब. जाहिरातीत तासाला 10 ते 12 किलो लिहिलेलं असतं. पोळीच्या गव्हाला बारीक जाळी लावली की प्रत्यक्षात साडेसात-आठ किलो निघतं. भरड दळण लवकर होतं, पण भरड मागणारे थोडे. तासाला साधारण एक युनिट वीज जाते. युनिट 9-10 रुपयांच्या टप्प्यात असेल तर किलोमागे सव्वा रुपया विजेचा. इथला दर किलोला 6 रुपये, म्हणजे तासाला 37-38 रुपये सुटतात. त्यात दार उघडणं, वजन करणं, डबे पुसणं, दर दळणानंतर जाळी झाडणं हे सगळं आलं. कोपऱ्यावरची गिरणी तेच काम दहा मिनिटांत करून देते, तेव्हा दर वाढवायलाही वाव नाही. रोज 12 किलो बाहेरचं दळण आलं तरी महिन्याला सतराशे रुपयांच्या आसपासच हातात राहतात.

आता भाजणी. थालीपिठाच्या भाजणीचं एक माप असं : ज्वारी 1 किलो, बाजरी 1 किलो, तांदूळ, गहू आणि हरभरा डाळ प्रत्येकी अर्धा किलो, उडीद आणि मूग पाव-पाव किलो, धने 100 ग्रॅम, जिरे 25 ग्रॅम. एकूण सव्वाचार किलोला थोडं कमी. किराणा अडीचशे रुपये, गॅस 25, पाऊच आणि लेबल 25, वीज 10, झाले 310. भाजताना ओल जाते आणि थोडं पीठ यंत्रात अडकतं, म्हणून विकायला साडेतीन किलो धरा. 180 रुपये किलोने 630 येतात, म्हणजे 320 सुटले. निवडण्यापासून पाऊच बंद करेपर्यंत चार तास लागतात, तासाला 80 रुपये. दळणाच्या दुप्पट, आणि वेळ आपल्या सोयीचा : निवडणं रात्री, भाजणं मूल शाळेत असताना, दळणं दुपारी चारनंतर. ग्राहक दारात डबा घेऊन उभा नसतो, हा फायदा पैशांहून मोठा आहे.

भाजताना घाई चालत नाही. जाड बुडाची कढई, मध्यम आच, एका घाण्याला अर्धा किलोच, आणि प्रत्येक धान्य वेगळं. तांदूळ फुलून हलके व्हायला हवेत, हरभरा डाळ गुलाबी, आणि ज्वारीच्या चार-दोन लाह्या फुटायला लागल्या की ती उतरवायची. डाळ कच्ची राहिली तर थालीपीठ चिकट होतं आणि पिठाला उग्र वास राहतो. उडीद करपला तर सगळा घाणा कडवट. चकलीची भाजणी फार भाजली तर सोऱ्यातून पाडताना चकली तुटते. थालीपिठाची भाजणी किंचित रवाळ जाळीवर काढा, चकलीची बारीक. आणि सर्वांत महत्त्वाचं, भाजलेलं धान्य पूर्ण गार झाल्याशिवाय यंत्रात टाकू नका. तळाशी हात घालून पाहा; वरून गार वाटतं, मधे ऊब असते. कोमट धान्याची वाफ कापडी फिल्टरला धरते, त्यावर पीठ चिकटून पापुद्रा बसतो आणि मग हवा खेळत नाही.

ओल हाच या यंत्राचा खरा शत्रू. नऊ महिन्यांत जेवढ्या वेळा मोटर बंद पडली त्यातल्या बहुतेक वेळा कारण ओलं धान्य. मोदकाच्या पिठाचे तांदूळ धुऊन सावलीत पंचावर वाळवतात. पावसाळ्यात त्याला दोन दिवस पुरत नाहीत. दाणा दातांखाली धरून पाहा. कट्‌ असा आवाज होऊन तुटला तर दळा, नुसता दबला तर आणखी एक दिवस पंख्याखाली. ओलसर तांदूळ टाकला की जाळीची भोकं बुजतात, पीठ गरम येऊ लागतं, मोटरचा सूर जड होतो. हा सूर ओळखायला शिका. रिकामी घंटी एकसारखी घुमते, धान्य पडलं की आवाज भरदार होतो. तो हळूहळू खाली जाऊ लागला तर लगेच वरून धान्य बंद करा, आतलं दळून जाऊ द्या, मग बंद करून जाळी काढा. ओव्हरलोड पडेपर्यंत, म्हणजे भार वाढून मोटर आपोआप बंद होईपर्यंत, वाट पाहिली तर चेंबर भरलेला राहतो आणि परत चालू करताना मोटर नुसती हूं-हूं करते. वीज मधेच गेली तरी हेच. आधी जाळी काढून चेंबर मोकळा करायचा, मगच बटण दाबायचं. भरल्या चेंबरवर दोन-तीनदा बटण दाबलं की कपॅसिटर (मोटर सुरू करून देणारा भाग) जातो.

शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं यात घालू नका, तेल सुटून जाळीवर लगदा बसतो. सोयाबीन दहा किलो गव्हात एक किलोपर्यंत चालतं. हळकुंडं आणि मिरची यासाठी हे यंत्र वापरूच नये. मिरचीचा ठसका फिल्टरच्या कापडात राहतो आणि पुढच्या पोळ्यांना लागतो. मसाल्याचं काम करायचं तर त्याचं यंत्र वेगळं. खडा किंवा खिळा आत गेला तर जाळी फाटते, म्हणून बाहेरचं धान्य आपण स्वतः एकदा चाळून घ्यायचं, कितीही निवडलेलं आहे असं सांगितलं तरी.

दळणाचा क्रम ठरवून घ्या. सकाळी यंत्र झाडून पहिलं उपासाचं : राजगिरा, वरी, साबुदाणा. मग तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, आणि शेवटी डाळी व भाजणी. एवढं करूनही आधीच्या पिठाचा अंश राहतोच. ज्यांना गव्हाचा कणही चालत नाही अशा आजाऱ्यांसाठी या यंत्रावरचं पीठ देऊ नये, कितीही आग्रह झाला तरी.

वजनावरून तक्रारी येतात. पाच किलो गव्हामागे शंभर-दीडशे ग्रॅम चेंबर आणि फिल्टरमध्ये राहतं. आधीच सांगा, समोर वजन करा, आणि दळण संपल्यावर यंत्र अर्धा मिनिट रिकामं फिरू द्या. विक्रीसाठी वापरायचा काटा वैधमापन विभागाचा शिक्का असलेलाच लागतो, स्वयंपाकघरातला चालत नाही.

पीठ बाहेर येतं ते गरम असतं. परातीत पसरून, वर सुती कापड टाकून अर्धा-पाऊण तास ठेवायचं, मग डब्यात. गरम पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात भरलं तर आत पाणी सुटतं, गाठी होतात, पुढे बुरशी. बाजरीचं पीठ एका वेळी आठवड्यापुरतंच द्या, त्यातल्या स्निग्धांशामुळे ते लवकर कडू होतं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी (चिकटपणा) जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात; ग्राहक मात्र दोष दळणाला देतो. चिमूटभर पीठ अंगठा आणि बोटात चोळून खरखर लागते का ते दर वेळी बघितलं की निम्मे वाद टळतात.

जोडणीत काटकसर नको. 16 अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि चांगलं अर्थिंग यासाठी दीड-दोन हजार रुपये वेगळे ठेवा. घराच्या एका भागातून व्यवसाय करणाऱ्याला महिन्याला 300 आणि वर्षाला 3600 युनिटपर्यंत महावितरणचा घरगुती दरच लागू राहतो. तीनशे किलो दळणाला चाळीसच्या आत युनिट लागतात, पण घरात एसी आणि गीझर असेल तर एकूण बिलाकडे लक्ष हवं.

भाजणी विकायची म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी आली. फॉस्कॉस या सरकारी अन्नपरवाना पोर्टलवर छोट्या व्यवसायाची नोंदणी वर्षाला 100 रुपयांत होते, फोटो आणि ओळखपत्र लागतं. पाऊचवर पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरावं, हिरवी खूण, पत्ता आणि नोंदणी क्रमांक छापा. भाजणीत गहू आहे हे ठळक लिहा. मुदत दोन महिन्यांची टाकते, पावसाळ्यात एकच.

मागणी वर्षभर सारखी नसते. गणपतीआधीच्या पंधरवड्यात मोदकाचं पीठ, दिवाळीआधी तीन आठवडे चकलीची भाजणी. या दोन हंगामांत यंत्र थांबत नाही. श्रावणात उपासाची भाजणी चांगली जाते. थालीपिठाची भाजणी बारमाही, पण आठवड्याला तीन-चार किलोच. गणपतीसाठी आंबेमोहोर जुलैतच घेऊन ठेवावा, नंतर भाव चढतो.

घरात रांगतं मूल असेल तर : यंत्राचं दार उघडल्यावर बंद होणारी मोटर आहे ना, हे दुकानातच चालवून पाहा. वरच्या हॉपरमध्ये (धान्य ओतायच्या तोंडात) खेळणं टाकायचा मोह मुलांना होतो, म्हणून झाकणाला कडी लावून घ्या. आवाज मिक्सरहून कमी पण तासभर एकसारखा, तेव्हा फ्लॅटमध्ये दुपारी 1 ते 4 बंद ठेवणं बरं. पिठाची धूळ बारीक असते. फिल्टर झाडताना मास्क लावा, खिडकी उघडा आणि मुलाला दुसऱ्या खोलीत ठेवा. घरात कुणाला दमा असेल तर हे यंत्र बाल्कनीतच हवं.

खर्चाचं म्हणाल तर यंत्र, वायरिंग, काटा आणि दोन जादा जाळ्या मिळून 25 हजार लागले. काही जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागाकडून पिठाची गिरणी अनुदानावर मिळते. पंचायत समितीत आधी चौकशी करा, कारण विकत घेतल्यावर अनुदान सहसा मिळत नाही. नऊ महिन्यांत बदललं ते एक फाटलेली जाळी, एक कापडी फिल्टर आणि एक कपॅसिटर. तिन्ही वस्तू स्वस्त, पण कपॅसिटरसाठी मेकॅनिकची आठ दिवस वाट पाहावी लागली, तीही दिवाळीच्या तोंडावर. खरेदी करताना बारीक जाळी, फिल्टर आणि कपॅसिटरचा एकेक जादा नग त्याच बिलात घ्या, आणि जाळी कशी बसवायची ते दुकानदारासमोर स्वतःच्या हाताने दोनदा करून बघा.