साठ जणांचा वर्ग: बाकं, चाकांची टेबलं की गोल टेबलं?

मुलांनी गटात चर्चा करत शिकावं म्हणून इंजिनिअरिंग कॉलेजची एखादी वर्गखोली नव्याने लावायची ठरली, तर कॅटलॉग नंतर उघडा, आधी टेप घेऊन खोली मोजा. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेच्या निकषाची वर्गखोली 66 चौरस मीटरची. साठ मुलं बसवली की माणशी 1.1 चौ.मी. हाती येतात, आणि पुढचं बरंचसं याच आकड्यावर ठरतं.

मोह सगळ्यांना गोल टेबलांचा पडतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात रॉबर्ट बाइक्नर यांनी ‘स्केल-अप’ नावाने ही मांडणी रुजवली. अमेरिकेतल्याच एमआयटीनेही पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्रासाठी अशी खोली उभारली. 7 फूट व्यासाचं टेबल, भोवती नऊ जण, तिघातिघांचे तीन गट. सात फूट उगाच नाहीत: परीघ सुमारे 6.7 मीटर, म्हणजे माणशी 74 सेंटीमीटर. आपल्याकडे प्लायवूडची शीट 8×4 फुटांची, त्यामुळे सुतार ‘4 फुटीच करू, जोड नको’ म्हणणार. त्यात माणशी 43 सेंटीमीटर उरतात आणि वही उघडली की शेजाऱ्याच्या कोपराला लागते. दोन शीटमधून दोन अर्धगोल काढा, पण जोडाखाली लोखंडी चौकट हवीच. नाहीतर मधोमध खळगा पडतो.

खरी अडचण जागेची. खुर्च्या मागे सरकून शिक्षकाला फिरता यायला दोन टेबलांच्या मध्यबिंदूंत साधारण 4 मीटर अंतर लागतं. 66 चौ.मी.मध्ये तीन टेबलं बसतात, म्हणजे 27 मुलं. साठ जणांना सात टेबलं लागतील. ती 132 चौ.मी.च्या सेमिनार हॉलमध्ये जेमतेम मावतात. शिवाय निम्म्या मुलांची पाठ फळ्याकडे येते. समोरासमोरच्या दोन भिंतींवर प्रोजेक्टर, चारही भिंतींवर पांढरे फळे, शिक्षकाला कॉलर माइक आणि टेबलाखाली जमिनीतून आलेली वीज, हा खर्च टेबलांच्या कोटेशनमध्ये कुठेच नसतो. किमान दोन-तीन विषयांचे शिक्षक तिथे नियमित तास घेणार नसतील, तर हॉल अडवू नये.

चाकांची टेबलं व्यवहारी वाटतात. दोघांचं 1200×500 मिमीचं टेबल, दोन समोरासमोर जोडली की चौघांचं बेट. खुर्च्या आणि जायची वाट धरून एका बेटाला साडेचार चौ.मी. लागतात. म्हणजे पंधरा बेटं 66 मध्ये बसत नाहीत. शिक्षकाची जागा सोडून अकरा-बारा बसतात. 44 ते 48 मुलांचा वर्ग असेल तर हाच पर्याय सर्वांत चांगला. चाकांना ब्रेक हवेत, खुर्च्यांच्या पायांना रबरी बूट हवेत (टाइल्सवरचा करकराट असह्य होतो) आणि जमिनीवर रांगांच्या जागा रंगाने आखलेल्या हव्यात. आखणी नसेल तर पुढच्या तासाची पहिली पाच मिनिटं टेबलं लावण्यातच जातात आणि महिनाभरात सगळी रांगेत कायमची थिजतात. हातावर लिहायची फळी जोडलेल्या, पॅडच्या खुर्च्या मात्र घेऊ नका: चौघं जवळ आले तरी मधे कागद ठेवायला जागा नसते आणि डावखुऱ्यांचे हाल होतात.

उरली बाकं. साठ मुलं आणि 66 चौ.मी. असतील तर ती ठेवाच. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मेझर यांची ‘पीअर इन्स्ट्रक्शन’ (मुलांनी एकमेकांना समजावण्याची) पद्धत साध्या व्याख्यानगृहातच वाढली. पर्यायी उत्तरांचा एक प्रश्न, दोन मिनिटं एकट्याने विचार, मग चार रंगांपैकी एक कार्ड सर्वांनी एकाच वेळी छातीशी धरायचं. हात वर करायला लावलं की वर्गातल्या हुशार मुलाकडे बघून हात वर होतात. बरोबर उत्तरं 30 ते 70 टक्के असतील तर शेजाऱ्याशी तीन मिनिटं चर्चा आणि पुन्हा मत. 30 च्या खाली आली तर चर्चा घडवू नका, मुद्दा पुन्हा शिकवा. एका तासात असे तीन प्रश्न पुरेत. विषम रांगांनी मागे वळायचं हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका, म्हणजे चौघांचे गट आपोआप होतात.

बाकांवर पैसा वाचला, तर तो छताच्या आवाज शोषणाऱ्या तक्त्यांवर घाला. स्लॅब, टाइल्स आणि काचा असलेल्या रिकाम्या खोलीत टाळी वाजवा. घुमलेली ऐकू आली, तर पंधरा गट एकदम बोलल्यावर काय होईल याचा अंदाज येईल.

स्कॉट फ्रीमन आणि सहकारी संशोधकांनी 2014 मध्ये विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीच्या वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र तपासले: नुसत्या व्याख्यानांत नापास 33.8 टक्के, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत 21.8 टक्के. तुलना शिकवण्याच्या पद्धतींची होती, फर्निचरची नव्हे. 2019 मध्ये हार्वर्डमध्ये दिसलं की अशा तासांना मुलं जास्त शिकतात, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटतं. तेव्हा पहिल्या सत्राचे फीडबॅक फॉर्म वाईट आले, तर खोली लगेच बदलायला घेऊ नका. त्याच प्रश्नांवरचे दोन वर्षांचे गुण शेजारी ठेवून बघा.